डास म्हणावं तर डास नाहीत: घरात ढेकूण आहेत हे ओळखायचं कसं? (नाशिक)

गोदातीर
नमस्कार मंडळी. पाथर्डी फाट्याजवळ राहते, तिसरा मजला. दिवाळीनंतर मुलीच्या दंडावर आणि मानेवर सकाळी लाल गांधी उठलेल्या दिसतात. कधी एका ओळीत, कधी सुट्या. त्याच पलंगावर झोपणाऱ्या सासूबाईंच्या अंगावर मात्र एकही नाही. नवऱ्याचं मत 'डास'. खिडक्यांना जाळ्या आहेत, मच्छरदाणी लावून झाली, फरक शून्य. मला ढेकणांचा संशय येतोय, कारण सुट्टीत आम्ही रात्रीच्या स्लीपर बसने इंदूरला जाऊन आलो. पण अजून डोळ्यांनी एकही दिसलेला नाही.

ढेकूणच आहेत हे ठरवायचं कसं? आणि असतील तर पुढे काय? एक पेस्ट कंट्रोलवाला फोनवरच म्हणाला, "ताई, एका फवाऱ्यात काम तमाम, वर्षाची गॅरंटी." पलंग प्लायचा बॉक्स बेड आहे, आत रजया आणि अर्थातच लग्नातली भांडी.

सोसायटीच्या ग्रुपवर विचारायची सोय नाही, म्हणून इथे. हसू नका.

तर्रीदार
ग्रुपवर विचाराच. दहा मिनिटांत सगळ्या मजल्यांवरून उत्तरं येतील की 'आमच्याकडे नाहीत'. जो सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने सांगेल, त्याच्याकडे आहेत.

कॉलेजरोड
आमच्या वसतिगृहात ढेकूण सीनियर होते, आम्ही ज्युनियर. रॅगिंग रात्री दोननंतर.

गंमत सोडा. दिवे लावून शोधायला गेलात तर काही मिळत नाही. पहाटे तीनच्या सुमारास अचानक टॉर्च मारा, उशाच्या बाजूला गादीच्या शिवणीत. तेव्हा बाहेर असतात.

त्वचावैद्य
गोदातीर, चावलेल्या खुणेवरून ढेकूण ठरवता येत नाही, मलाही नाही. एकाच घरात एकाचं अंग सुजतं आणि दुसऱ्याला पत्ताही लागत नाही, कारण गांध ही त्या माणसाच्या शरीराची प्रतिक्रिया असते. वयस्क माणसांमध्ये ती बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणजे सासूबाईंना चावत नाहीत असं समजू नका. शिवाय खूण त्याच सकाळी उठेल असंही नाही, काहींना कित्येक दिवसांनी उठते.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. खाज बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती असेल, रात्री वाढत असेल आणि घरात एकामागून एकाला होत असेल तर ती खरूज असू शकते. तिचा पलंगाशी संबंध नाही, उपचार वेगळा आणि सगळ्या घराने एकदम करायचा असतो. मुलीला डॉक्टरांना दाखवून घ्या.

दिलासा असा की ढेकूण माणसांत रोग पसरवतात असं सिद्ध झालेलं नाही. डेंग्यू-मलेरिया हे डासांचं खातं. ढेकणाचा त्रास म्हणजे खाज, खाजवून चिघळणं आणि झोपेचं खोबरं. कॅलामाइन लावा, नखं कापा. खाजेच्या गोळ्या मनाने देऊ नका.

जुना_नाशिककर
आमचं लहानपण भद्रकालीतल्या वाड्यात गेलं. सागवानी तुळया, मातीच्या भिंती, आणि भिंतीतल्या प्रत्येक फटीत ही मंडळी. मे महिन्यात एक रविवार ठरलेला असायचा. खाटा चौकात ओढायच्या, निवार सोडायची, बंबातलं उकळतं पाणी सांध्यांवर ओतायचं. आजी रॉकेलचा बोळा घेऊन खाचा पुसत बसायची. आम्हा पोरांकडे मारायचं खातं. तो चिरडल्यावरचा वास अजून नाकात आहे. नंतर टिक-ट्वेंटी हे ढेकणांचं औषध आलं, त्याचा वास तर ढेकणापेक्षा वाईट.

त्याआधीची गोष्ट वडील सांगायचे. मलेरियासाठी सरकारी माणसं घरोघर डीडीटी फवारून जायची आणि भिंतीवर तारीख लिहून जायची (राष्ट्रीय कार्यक्रम १९५३ चा). पहिल्या वर्षी ढेकूण गायब. पुढे डीडीटीने मरेनात, उलट पिसाळल्यासारखे बाहेर पडायला लागले. मग लोकच फवारणीवाल्यांना दारातून परत पाठवू लागले.

मध्ये तीस-चाळीस वर्षं कोणी ढेकणाचं नाव काढलं नाही. आता नातवाच्या फ्लॅटमध्ये पुन्हा भेट झाली. ओळख पटली लगेच.

तर्रीदार
@जुना_नाशिककर: हसून हसून पुरेवाट. त्यांनी तुम्हाला ओळखलं का?

रातकिडा
जुन्या नाशिककरांनी सांगितलेलं डीडीटीचं प्रकरण जगभर घडलंय. डीडीटीला न जुमानणारे ढेकूण १९४७ मध्येच हवाईतल्या पर्ल हार्बरच्या बराकींत सापडले होते. आता बाजारातल्या बहुतेक स्प्रेंमध्ये असणाऱ्या पायरेथ्रॉइड औषधांची तीच गत आहे. २०२३ मध्ये पॅरिसमध्ये गहजब झाला तो उगाच नाही. ऑलिंपिक एका वर्षावर आणि लोक मेट्रोत सीट तपासून बसत होते, काही तर उभ्यानेच जात होते.

प्राणिशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं ओळखीबद्दल. पूर्ण वाढलेला ढेकूण मसुरीच्या दाण्याएवढा, साधारण पाच मिलिमीटर, चपटा, तांबूस तपकिरी. रक्त प्यायला की लांबट आणि गडद. पंख नाहीत, उडी मारता येत नाही, फक्त चालतो. पण चालतो भराभर. पिल्लं फिकट, जवळजवळ पारदर्शक, आणि अंडी पांढरी, एक मिलिमीटरची, फटीत चिकटवलेली. लोक मोठा ढेकूण शोधत बसतात आणि पिल्लं नजरेतून सुटतात. पिल्लू पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक वेळी त्याला एकदा तरी रक्त लागतं. म्हणून त्या रिकाम्या काती सापडल्या तर तो पक्का पुरावा.

आपल्याकडे मुख्यतः उष्ण प्रदेशातली जात आहे, सायमेक्स हेमिप्टेरस. परदेशी व्हिडिओंत पलंगाच्या पायांखाली गुळगुळीत प्लास्टिकच्या वाट्या ठेवतात, त्यात ढेकूण पडला की वर येत नाही. ते थंड देशातल्या जातीचं. आपली जात गुळगुळीत भिंतीवरही चढून जाते. वाट्या ठेवल्या तरी वाटी रिकामी म्हणजे घर स्वच्छ असं समजू नका.

(नर-मादी प्रकरण इथे लिहीत नाही. नर मादीचं पोट भोसकतो, एवढंच. जेवताना वाचू नये.)

सुखवस्तू
गोदातीर, राग मानू नका, पण कामाच्या मावशींना विचारलंत का? त्यांच्या वस्तीतून हे प्रकार येतात. आमच्या इथे गंगापूर रोडला आम्ही मावशींची पिशवी बाहेरच ठेवायला लावतो.

पंचवटीकर_काकू
@सुखवस्तू: मावशी तुमच्या पलंगावर झोपतात का? ढेकूण उवांसारखा अंगावर राहत नाही. तो पितो आणि फटीत परत जातो. येतो तो बॅगेतून, गादीतून, जुन्या फर्निचरमधून. स्लीपर बसने कोण फिरून आलं, मावशी की मालकीण? चांगल्या हॉटेलांत, एसी डब्यात, मोठमोठ्या बंगल्यांत होतात. घाणीशी संबंध एवढाच की पसारा असला तर त्यांना लपायला जागा जास्त.

तर्रीदार
काकूंना +१. शिवाय एक फायदा लक्षात घ्या. 'घरात ढेकूण झालेत' म्हटलं की मुक्कामी येणारे नातेवाईक परस्पर हॉटेल बघतात. खोटं बोलायचीही गरज नाही.

सुखवस्तू
मी फक्त एक शक्यता सांगितली.

अंबडचा_फवारेवाला
पेस्ट कंट्रोलमध्येच आहे, त्यामुळे माझ्या पोटावर पाय देऊन लिहितोय.

ताई, फोनवर 'एका फवाऱ्यात खलास' सांगणाऱ्याला बोलावू नका. औषधाने अंडी सहसा मरत नाहीत. ती आठवडा-दहा दिवसांत फुटतात. म्हणून साधारण दोन आठवड्यांनी दुसरा हात मारावाच लागतो, भरपूर झाले असतील तर तिसराही. आणि बघायला न येताच भाव सांगणारा माणूस नक्की कशाचा भाव सांगतोय?

आधी खात्री करा. गादी उभी करा. शिवणी, पायपिंग, कंपनीचं लेबल, कोपरे. मग पलंगाची उशाकडची फळी भिंतीपासून ओढा, मुख्य वस्ती तिथे असते. बॉक्स बेडमध्ये स्क्रूची भोकं, बिजागऱ्या, प्लायच्या कडेला लावलेली पट्टी. जुनं एटीएम कार्ड फटीतून फिरवा. पेनाने टिंबं दिल्यासारखे काळे ठिपके दिसले तर ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसा. तांबूस-तपकिरी फरांटा उठला तर ती ढेकणाची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसती धूळ असेल तर तसं फराटत नाही. चादरीवर गंजासारखे डागही पाहा, माणूस कुशीवर वळला की चिरडले जातात. फार झाले असतील तर खोलीत कुबट-गोडसर वास येतो, पण तो यायच्या आधीच पकडायला हवं.

माणूस बोलावलात तर परवाना मागा. हे काम करायला कीटकनाशक कायदा, १९६८ खाली परवाना लागतो. औषधाचं नाव मागा आणि बाटलीवरचं लेबल बघा. 'आमचं सिक्रेट औषध आहे' म्हणाला तर चहा पाजून रवाना करा. आणि दुकानातला धुराचा डबा सोडू नका. धूर फटीच्या आत जात नाही, ढेकूण फक्त उधळतात. आज बेडरूममध्ये आहेत ते उद्या हॉलच्या सोफ्यात, परवा भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याकडे.

निफाडकर
एवढं पुराण कशाला? आमच्याकडे गव्हात टाकायच्या गोळ्या असतात. खोलीत दोन ठेवायच्या, दार लावायचं, गावाला जाऊन यायचं. सगळं साफ.

त्वचावैद्य
निफाडकर, कृपया हा सल्ला मागे घ्या. मी गंमत करत नाही.

त्या गोळ्या म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. तो दाराच्या फटीतून, भिंतीतल्या भेगांतून, वायरीच्या नळ्यांतून शेजारच्या घरात जातो. तुम्ही गावाला गेलात तरी शेजारी गेलेला नसतो. त्यावर उतारा नाही. ढेकणांसाठी ठेवलेल्या गोळ्यांनी आपल्या देशात माणसं, लहान मुलं गेलेली आहेत. उलटी, छातीत दडपण, धाप अशी लक्षणं घेऊन आलेला पेशंट अनेकदा 'काहीतरी खाल्लं असेल' म्हणून आणतात आणि वेळ जातो. घरात कोणी अशा गोळ्या ठेवल्या असतील तर सगळ्यांना बाहेर काढा आणि डॉक्टरांना गोळ्यांचं आधी सांगा.

अंबडचा_फवारेवाला
+१००. या गोळ्या सामान्य ग्राहकाला विकायलाच परवानगी नाही. सीलबंद गोदामातलं प्रशिक्षित माणसांचं काम आहे ते. राहत्या घरात कोणी पेस्ट कंट्रोलवाला या गोळ्या ठेवायला निघाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आणि जुने नाशिककर, रॉकेलच्या आठवणी गोड आहेत, पण फ्लॅटमध्ये स्विचबोर्डाच्या शेजारी रॉकेल-पेट्रोल कोणी करू नये.

जुना_नाशिककर
मान्य. तसंही रॉकेल आता मिळतंय कुठे.

निफाडकर
शेजाऱ्याकडे जातो हे डोक्यात आलं नव्हतं. शेतात घरं लांब लांब असतात. संपादक मंडळ, माझा प्रतिसाद उडवा.

वेखंडी
रसायनं नकोतच. वेखंड पूड, निरगुडीचा पाला गादीखाली. आमच्या सटाण्याकडे पूर्वापार करतात.

रातकिडा
वासाने ढेकूण बाजूला सरकतील, संपणार नाहीत. पाल्याचाच शौक असेल तर एक मजेदार प्रकार आहे. बाल्कन देशांत घेवड्याच्या जातीची पानं रात्री पलंगाभोवती पसरायचे. पानांवरच्या सूक्ष्म आकड्यांत ढेकणाचे पाय अडकायचे, सकाळी पानं जाळून टाकायची. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर ते आकडे खरंच पायातून आरपार जातात. पण कृत्रिम आकडे बनवायला गेले ते नैसर्गिक पानांएवढे जमले नाहीत.

तर्रीदार
नाशिकमध्ये द्राक्षाच्या पानांचा प्रयोग व्हावा. ढेकूण मेले नाहीत तरी झिंगतील.

गोदातीर
मंडळी, सापडले. फवारेवाले दादांनी सांगितलं तसंच, उशाकडच्या फळीच्या मागे काळे ठिपके. ओलं फडकं फिरवलं तर तांबूस फरांटे. एका स्क्रूच्या भोकात चार-पाच जिवंत. नवऱ्याने डास-सिद्धांत मागे घेतला आहे. सासूबाई म्हणतात, "मला कळलं असतं की!"

आता गादी फेकून देऊ का? आणि आम्ही सगळे पंधरा दिवस हॉलमध्ये झोपलो, बेडरूम बंद ठेवली तर उपाशी मरतील का?

अंबडचा_फवारेवाला
हॉलमध्ये अजिबात झोपू नका! ढेकूण तुमच्या श्वासाच्या आणि उबेच्या मागावर असतात. तुम्ही हॉलमध्ये गेलात की हळूहळू तेही येतील. आणि उपाशी ते महिनोन् महिने काढतात, थंडीत तर आणखी जास्त. पंधरा दिवस त्यांना काहीच नाहीत.

गादी फेकायची घाई नको. ती जिन्यातून नेताना खाली सांडत जातील, आणि कचऱ्याजवळ ठेवलीत तर वॉचमन उचलून नेईल. वस्ती पलंगात आहे, गादी नवी आणली तर आठवड्यात तीही भरेल. गादीला चारी बाजूंनी बंद होणारं झिपचं कव्हर मिळतं, ते घाला आणि वर्षभर काढू नका. आतले आतच संपतील.

ढेकणाला सगळ्यात भारी पडते ती उष्णता. ४५ अंशांच्या वर तो टिकत नाही, अंडी थोडी चिवट. चादरी, अभ्रे, पडदे, मुलीचे कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवा. खोलीतून नेतानाच पिशवीत बांधून न्या, कवेत घेऊन घरभर फिरू नका. जे धुता येत नाही त्याला कडक इस्त्री, शिवणीवर जास्त वेळ. पलंगाच्या सांध्यांना वाफेचं यंत्र अगदी हळू फिरवा. घाईने जोरात मारलं तर वाफ त्यांना उडवून लावते. त्याआधी व्हॅक्यूमने खेचून घ्या आणि आतली पिशवी लगेच बांधून बाहेरच्या कचऱ्यात.

बॉक्स बेडमधलं सामान मोठ्या पिशव्यांत बांधून खोलीतच ठेवा, दुसऱ्या खोलीत नको. भांडी गरम पाण्याने धुतली की मोकळी. हे सगळं झाल्यावर फवारणी. आधी नाही.

कॉलेजरोड
गादी गच्चीवर उन्हात टाकली तर? आमच्या हॉस्टेलला वॉर्डन तेच करायला लावायचे.

अंबडचा_फवारेवाला
गादीची वरची बाजू तापते, ढेकूण खालच्या सावलीत सरकतात, संध्याकाळी तुम्ही त्यांच्यासकट गादी घरात आणता. लहानसहान वस्तू काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर तापत ठेवल्या तर उपयोग होतो. आत्ता डिसेंबरात नाशिकच्या उन्हात तुम्हीच बसाल शेकायला.

पंचवटीकर_काकू
माझा थोडा वेगळा प्रश्न. २०२७ च्या सिंहस्थासाठी आमच्या गल्लीत सगळ्यांनी एकेक खोली यात्रेकरूंना द्यायची तयारी सुरू केली आहे. २०१५ च्या वेळीही दिली होती. गाद्या नेहमीप्रमाणे मंडपवाल्याकडून भाड्याने आणणार. हा धागा वाचून आता पाहुण्यांपेक्षा गाद्यांचीच धास्ती वाटते.

अंबडचा_फवारेवाला
काकू, धास्ती रास्त आहे. भाड्याची गादी आज लग्नाच्या हॉलमध्ये, उद्या धर्मशाळेत, परवा तुमच्याकडे. शक्य असेल तर स्वतःच्या पातळ गाद्या शिवून घ्या, धुता येणारे अभ्रे घाला. भाड्याच्याच घ्यायच्या तर टेम्पोतून उतरवतानाच, अंगणात, उजेडात शिवणी बघून घ्या. खोलीत लाकडी दिवाणापेक्षा लोखंडी कॉट बरी. फटी कमी, आणि गरम पाणी टाकायला बिनधास्त. भिंतीतल्या भेगा आत्ताच बुजवा, सुटलेला वॉलपेपर काढा. आणि दोन मुक्कामांच्या मध्ये एक रिकामा दिवस ठेवा, गादी पालथी करून बघायला.

पंचवटीकर_काकू
पर्वणीच्या आठवड्यात रिकामा दिवस? देवच पावला. पण बाकीचं करते. गल्लीतल्या बायकांनाही वाचून दाखवते, म्हणजे 'कोणाकडून आले' यावरून भांडणं होणार नाहीत. निदान कमी होतील.

रिकामटेकडा
फिरणाऱ्यांसाठी कोणी लिहिणार का? मी महिन्यातून निम्मा वेळ लॉजवर.

कॉलेजरोड
सेल्समध्ये आहे, मी सांगतो. खोलीत शिरलो की बॅग पलंगावर नाही, गालिच्यावर नाही, थेट बाथरूममधल्या फरशीवर. मग उशाकडचे दोन्ही कोपरे चादर उचलून बघायचे, टॉर्चने. पलंगामागची फळी, बाजूच्या टेबलाचा खण. ठिपके दिसले तर फोटो काढायचा आणि खोली बदलून मागायची, पण लगतची नाही, वर-खालची नाही. दुसऱ्या टोकाची. एका लॉजच्या मॅनेजरने मला ऐकवलं होतं, "साहेब, हे तुमच्याच बॅगेतून आले असतील." शिरल्या-शिरल्या फोटो असेल तर हा संवाद छोटा होतो.

स्लीपर बसमध्ये पडद्याची घडी आणि गादीचा भिंतीकडचा सांधा बघा. स्वतःची चादर न्या, उतरताना ती वेगळ्या पिशवीत बांधा. घरी आल्यावर बॅग बाल्कनीत उघडायची, कपडे थेट गरम पाण्यात, आणि रिकामी बॅग कपाटावर किंवा पलंगाखाली ठेवायची नाही. पलंगाखाली तर नाहीच.

रिकामटेकडा
वाचनखूण साठवली. 'पलंगाखाली नाही' वाचून आत्ता उठलो आणि बॅग बाहेर काढली.

गोदातीर
पहिली फवारणी झाली. परवानावाला माणूस शोधला, त्याने औषधाचं नाव लिहून दिलं आणि दुसरी तारीख स्वतःहून दिली. शेजारच्या फ्लॅटमध्ये मी जाऊन सांगून आले, सामाईक भिंत आहे म्हणून. मला वाटलं होतं तोंड वाकडं करतील, तर त्या हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे ऑगस्टपासून आहेत, कोणाला सांगितलं नाही." आता दोन्ही घरांची दुसरी फवारणी एकाच दिवशी. म्हणजे ते माझ्या बसमधून आले की त्यांच्या भिंतीतून, हे गुलदस्त्यातच राहणार.

एक शंका उरलीय. मुलीची चित्रांची पुस्तकं आणि कापडी बाहुल्या पलंगात होत्या. पुस्तकं वाफवता येत नाहीत.

रातकिडा
पुस्तकं झटकून, पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये. उणे १८ अंशांवर चार दिवस सलग, मध्ये दार सारखं उघडायचं नाही. जाडजूड पुस्तक असेल तर एखादा दिवस जास्त. बाहुल्या धुवून टाका.

गोदातीर
फ्रीझर सासूबाईंच्या मटारांनी भरलाय.

तर्रीदार
मग आज मटार उसळ. पत्ता पाठवा, दुसऱ्या फवारणीनंतर येतो.